कोसावरचं पाणी

"जीआर 651? कुठल्या खात्याचा?" मी टेबलावर नकाशा पसरला तेव्हा आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

आप्पा लघु पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. नोकरीची 34 वर्षं सिन्नर-संगमनेरच्या कोरड्या पट्ट्यात पाझर तलाव आणि बंधारे बांधण्यात गेली, आणि उरलेला वेळ ते का गळतात याचे खुलासे वर पाठवण्यात. त्यांच्या लेखी जीआर म्हणजे शासन निर्णय. फ्रान्समध्ये जीआर म्हणजे 'ग्रांद रांदोने', देशभर जाळ्यासारख्या पसरलेल्या लांब पल्ल्याच्या पायवाटा. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर पांढरा पट्टा आणि त्याखाली लाल पट्टा दिसला की तुम्ही वाटेवर आहात. त्याच दोन रंगांची फुली दिसली की चुकलात, मागे फिरा. या खुणा बहुतेक ठिकाणी स्थानिक स्वयंसेवक रंगवतात आणि दरवर्षी बघून जातात. "म्हणजे जीआर निघतोही आणि त्याची अंमलबजावणीही होते," आप्पा म्हणाले आणि नकाशावर वाकले.

ही 2022 च्या सप्टेंबरातली गोष्ट. आई-आप्पा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे तुलूझला आले होते. पहिल्या पंधरवड्यात आप्पांचे गारोन नदीवरचे पूल पाहून झाले, कालव्याची दारं उघडताना-मिटताना पाहून झाली, मग ते बाल्कनीत बसून उसासे टाकायला लागले. मला बऱ्याच दिवसांपासून सेले नदीचं खोरं पायी बघायचं होतं. तुलूझच्या उत्तरेला लोत नावाचा जिल्हा आहे. लोत हीच तिथली मोठी नदी, सुमारे 480 किलोमीटर वाहून गारोनला मिळते. सेले ही तिची धाकटी उपनदी. फिजाक गावाच्या पुढच्या बेदुएपासून लोतच्या संगमापर्यंत तिच्या कडेकडेने, अधूनमधून वरच्या पठारावर चढत-उतरत जाणारी वाट म्हणजे जीआर 651. पाच दिवस चालायचं होतं. आप्पा 66 वर्षांचे, पण रोज सकाळी आठ किलोमीटर चालणारे. आई म्हणाली, "डोंगर चढायला मी एवढा विमानप्रवास केलेला नाही. मी नातवाजवळ थांबते."

तयारीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुक्कामांना. या वाटांवर 'झीत देताप' असतात: आपल्या धर्मशाळेसारखी वाटसरूंची सोय, फक्त पैसे मोजून. एका खोलीत चार-सहा खाटा, खाली लांबलचक टेबल, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून दर. सप्टेंबर संपत आला की निम्म्या बंद होतात, म्हणून आधी फोन करणं भाग. मी प्रत्येक ठिकाणी सांगायची, आम्ही दोघं शाकाहारी. पलीकडे थोडी शांतता. मग, "मासे?" नाही. "कोंबडी?" नाही. "बरं, बदक?" या भागात बदक हा मांसाहार नसून हवापाणी आहे, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी सगळ्यांनी अंडी, मसूर आणि चीजवर तडजोड केली. आईने पिशवीत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, तिने पुढे पाचही दिवस आमची लाज राखली.

दोन गोष्टी फ्रेंच मैत्रिणीने बजावल्या होत्या. एक, शिकारीचा हंगाम सुरू झालाय, भडक नारिंगी जॅकेट अंगावर असू दे. दुसरी, गोचिडी. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा छोटा आकडा मिळतो, तो घेतला. पाण्याबद्दल मात्र तिने काही सांगितलं नाही, आणि आम्ही नदीच्या खोऱ्यात चाललो होतो, तेव्हा मीही विचारलं नाही.

तुलूझहून फिजाकला गाडीने अडीच तास लागतात. फिजाक हे शाँपोलियोंचं जन्मगाव. इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं सोडवणारा तोच. ते कोडं सुटलं 1822 मध्ये, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा नेमकी 200 वर्षं होत होती आणि गावात त्याची धामधूम होती. जुन्या घरांच्या मधल्या एका चौकात, ज्या शिलेच्या आधाराने ते कोडं सुटलं त्या रोझेटा शिलेची अवाढव्य प्रतिकृती जमिनीवर अंथरली आहे, जोसेफ कोसुथ या कलाकाराने 1991 मध्ये केलेली, काळ्या ग्रॅनाइटची. तिच्यावरून चालता येतं. आप्पा बूट काढून चालले. मी म्हटलं, आप्पा, इथं सगळे बुटांनीच चालतात. "चालू देत. अक्षरं आहेत ती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिले दहाएक किलोमीटर टॅक्सीने उरकून बेदुए गावापासून चालायला सुरुवात केली. इथं वाट दुभंगते. मूळ वाट जीआर 65, ल पुई गावाहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट, पठारावरून सरळ पुढे निघून जाते. आमची 651 नदीकडे वळते. बहुतेक यात्रेकरू सरळ जातात. पिशवीला शिंपला लटकवलेल्या, पाय ओढत चाललेल्या त्या माणसांकडे बघून आप्पा हळूच "माउली" म्हणाले. त्यातल्या एकाने मागे वळून "बोंजूर" केलं.

उतार लागेपर्यंतचा पहिला टप्पा पठारावरचा होता. या चुनखडीच्या पठाराला इथं 'कोस' म्हणतात. आपल्याकडे कोस म्हणजे दोन मैल, त्यामुळे पुढचे पाच दिवस "अजून किती कोस?" हा विनोद आप्पांनी दिवसातून किमान सहा वेळा केला. कोसावर ओकचं रान आहे, पण ते युरोपच्या चित्रांत दिसणारं उंच, काळोखं रान नव्हे. हे ओक खुरटे, वाकडेतिकडे, पानांना खालून मऊ लव, फांद्यांवर राखाडी दगडफुलाच्या झालरी. साताऱ्याच्या पठाराकडे जाताना कड्याजवळची झाडं वाऱ्याने जशी आखडून बसलेली दिसतात तशी. मध्येमध्ये बुई नावाच्या बारीक पानांच्या झुडपांचा बोगदा. काही वर्षांपूर्वी पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळीने ही झुडपं खाऊन पार सांगाडे करून टाकले. आम्ही गेलो तेव्हा त्या पांढुरक्या काटक्यांना बुडाशी नवी हिरवी फूट दिसत होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या रचीव दगडी भिंती. ना चुना, ना माती, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. शेतातून वेचलेल्या दगडांच्या अशा मैलोगणती भिंती आहेत, आणि मध्येच त्याच दगडांच्या, घुमटासारख्या छताच्या गोल झोपड्या, मेंढपाळाला पावसापाण्यात आडोसा म्हणून. आप्पांनी एका भिंतीत हात घालून दगड हलवून पाहिला. हलला नाही. "पिचिंग असं पाहिजे," ते म्हणाले, म्हणजे बंधाऱ्याच्या उतारावरची दगडी रचाई, आणि मला एका ठेकेदाराची गोष्ट ऐकावी लागली. ती इथं सांगत नाही, तो अजून हयात आहे.

मेंढ्या त्या गोष्टीतच आडव्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, कान काळे आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. ही इथली खास जात. फ्रेंच लोक म्हणतात, चष्मा घातलेली मेंढी. आम्हाला काजळ वाटलं. फाटकावर पाटी होती: कृपया फाटक लावून घ्या. आप्पांनी ते लावलं, कडी ओढून बघितली, आणि पुन्हा एकदा ओढून बघितली.

मग वाट खाली उतरली आणि अर्ध्या तासात देश बदलला. वर काटे, दगड, कोरडी हवा. खाली हिरवीगार कुरणं, सफेद्यासारखे उंच पोप्लर रांगेत लावलेले, अक्रोडाच्या बागा, तंबाखू वाळवायच्या जुन्या लाकडी वखारी. आणि सेले. फार रुंद नाही, आपल्या आडगावच्या ओढ्याला भादव्यात पाणी यावं इतकीच. तळाचे गोटे दिसतील असं नितळ पाणी. तिचं नाव 'वेगवान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय म्हणतात. पुलाखालून निळी ठिणगी सुर्रकन गेली. खंड्या! आपल्या नदीवर असतो तोच छोटा खंड्या, जात अगदी तीच. दोघंही खुळ्यासारखे खूश झालो.

एस्पान्याकला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. नदीच्या वळणावर जुना मठ आणि त्याच्या चर्चवर लाकडी सांगाड्यात विटा भरलेला अजब मनोरा. मठाच्या काही खोल्यांत आता वाटसरू झोपतात. मी बूट काढून पाय पाण्यात सोडले. आप्पांनी मात्र खिशातून अक्रोड काढला. वाटेवर पडलेले चार-पाच वेचले होते. काठावर पावलं मोजून दहा मीटर ठरवले, दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या, मला वरच्या टोकाला उभं केलं. मी अक्रोड सोडायचा, ते घड्याळात बघणार. तीनदा केलं. सरासरी 26 सेकंद.

"वरच्या पाण्याचा वेग नेहमी जास्त असतो, म्हणून पॉइंट आठ पाचने गुणायचं," ते म्हणाले आणि डायरीत लिहिलं: सेले, एस्पान्याक, सेकंदाला 0.33 मीटर. वेगवान म्हणवणाऱ्या नदीला शोभेल असा आकडा नव्हता, पण तो उन्हाळा फ्रान्समध्ये भीषण कोरडा गेला होता. जवळजवळ देशभर पाणी वापरण्यावर बंधनं आली होती. दर दोन गावांनी नगरपालिकेच्या फळ्यावर तशी नोटीस दिसायची.

रात्री टेबलावर आम्ही सात जण होतो. आधी भाज्यांचं सूप आलं, जाड पावाचे तुकडे घालून. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या शेतकऱ्याने सूप संपत आल्यावर तळाशी थोडंसं ठेवलं, त्यात काओरची गडद तांबडी वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. याला 'शाब्रो' म्हणतात. "माझे आजोबा असंच करायचे. आता मुलं नाक मुरडतात," तो म्हणाला. मी आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पांनी आपल्या वाडग्याकडे बघितलं, वाइन ते पीत नाहीत, तरी तळाचं सूप पाण्याने विसळून तसंच दोन हातांनी वाडगा उचलून पिऊन टाकलं. ताट धुऊन पाणी पिणारी पिढी. शेतकरी टेबलावर हात आपटून हसला. मग छोटी, करंज्याच्या पुरीएवढी बकरीच्या दुधाची चीज आली, रोकामादूर नावाची. तिच्यावर शेंगदाण्याची चटणी भुरभुरवून आप्पांनी ती फिरवली. दोन जणांनी परत मागून घेतली.

त्याच शेतकऱ्याने आम्हाला कोस समजावला. चुनखडीला भेगा असतात. पाऊस पडला की पाणी त्या भेगांतून खाली जातं, दगड विरघळवत आत गुहा आणि भुयारं करतं, आणि थेट दरीच्या तळाशी, कड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून वर ना ओढा, ना विहीर. आणि गावं सगळी खाली, कड्याला पाठ लावून. वर ज्यांची घरं होती ते छपराचं पाणी पन्हळीने दगडी हौदात साठवायचे. आप्पा मन लावून ऐकत होते. मी भाषांतर करत होते. "म्हणजे हा सगळा डोंगर म्हणजे पाझर तलाव आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के यशस्वी. सगळं पाझरतं." मग थोड्या वेळाने, "उद्या वर किती वेळ आहोत आपण?"

उठून जाताना शेतकरी म्हणाला, पाणी संपलं तर कब्रस्तान शोधा. फुलांना घालायला तिथं नळ असतोच, आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नसेल तर ते गावाच्या नळाचंच पाणी असतं. मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी मार्सियाकला पोचायचं होतं, सोळा-सतरा किलोमीटर. सकाळी दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. ब्रेंग गावाजवळ कड्यात उंचावर दगडी भिंत बांधून बंद केलेली गुहा आहे, तिला सगळे 'इंग्रजांचा किल्ला' म्हणतात. 1337 ते 1453 चाललेल्या शतकभराच्या युद्धात या दऱ्यांत इंग्रजांच्या बाजूच्या टोळ्या लपून राहायच्या, तेव्हापासून अशा सगळ्याच कपारींना इंग्रजांचं नाव चिकटलं. आपल्याकडे कुठलंही जुनं बांधकाम पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं, तसं.

वर चढलो आणि धुक्यातून एकदम लख्ख उन्हात आलो. दोघांकडे मिळून दीड लिटर पाणी. आप्पांना मी ऑफिसमधली एक भानगड सांगत होते, रंगात आले होते, आणि त्या नादात एका ओकवरची फुली बघितलीच नाही. आप्पांनी बघितली होती. "मला वाटलं झाड तोडायची खूण आहे," असं त्यांनी नंतर सांगितलं. आपल्या वनखात्याच्या हिशेबाने बरोबरच होतं ते. पाऊण तास आम्ही छान, रुंद, सावलीच्या वाटेने चालत राहिलो. खूण नाही. मोबाइलला रेंज नाही. लांबून कुत्र्यांचं भुंकणं आणि एक बार ऐकू आला. मी आप्पांच्या जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली.

मागे फिरायचं तर पाऊण तास, पुढे वाट कुठंतरी रस्त्याला लागणारच. चुकलेली माणसं नेहमी करतात तेच आम्ही केलं. पुढे गेलो. बाराच्या सुमारास पाणी संपलं. उन्हात तापलेला पांढरा चुनखडीचा दगड डोळ्यांत खुपायला लागला. आणि मग एका मोकळ्या जागेत खडकात कोरलेला चौकोनी खड्डा दिसला, दोन-तीन माणसं मावतील एवढा, कडेने उतरायला पायऱ्या, तळाशी हातभर हिरवं पाणी आणि त्यावर गांधीलमाश्या.

आप्पा थबकले. "अगं, हे टाकं आहे."

टाकंच होतं. आपल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली असतात तसं. इथं त्यांना संत नांफेझची तळी म्हणतात. दंतकथा अशी की शार्लमान राजाच्या सैन्यातला हा सरदार लढाया सोडून कोसावर येऊन संन्यासी झाला, आणि मेंढपाळांची तहान बघून त्याने ही तळी खडकात खोदली. शेवटी एका बैलाने त्याला मारलं. आप्पा खाली उतरून खडकाला हात लावून बघत होते, छिन्नीच्या खुणा कुठं दिसतात का ते. चुनखडीत पाणी टिकवायचं तर भेग नसलेला खडक हुडकून काढावा लागतो, आणि तो कुणीतरी हुडकला होता. "साइट सिलेक्शन," आप्पा म्हणाले. इतक्या आदराने त्यांनी कुणाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ते पाणी पिण्यासारखं नव्हतं. रुमाल बुडवून डोक्यावर घेतला एवढंच.

आणखी अर्ध्या तासाने डांबरी रस्ता, चार घरं, एक बुटकं चर्च आणि त्याला लागून कब्रस्तान. घरांच्या खिडक्या बंद. कब्रस्तानाचं लोखंडी दार नुसतं लोटलेलं होतं. आत भिंतीला नळ, त्याखाली दगडी कुंड. पाटी नव्हती. एक बाई झारी भरत होत्या, साठीच्या पुढच्या. बोंजूर झालं. मी बाटली दाखवून विचारलं, पाणी चालेल का प्यायला? "मी इथलंच पिते," त्या म्हणाल्या. झारी बाजूला घेतली आणि आम्हाला पुढे व्हायला सांगितलं. वर म्हणाल्या, "यंदा फुलांना थोडंच घालायचंय. माझ्या नवऱ्याची तक्रार नाही."

मी भरून घटाघट प्यायले. आप्पा दाराबाहेर.

"आप्पा, या ना."

"तू भरून आण."

"बाटलीत आलं की ते स्मशानातलं राहणार नाही का?"

ते आत आले. आधी हात धुतले, मग पाय धुतले, बूट-मोजे काढून, नीट घोट्यापर्यंत. तोंडावर पाणी मारलं. बाई कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटलं पाय दुखतायत. मग आप्पांनी ओंजळ धरली, आणि जे प्यायला लागले ते मी नळ बंद करीपर्यंत थांबले नाहीत. निघताना त्या बाईंच्या नवऱ्याच्या दगडासमोर दोन क्षण उभे राहिले. बाईंनी विचारलं, तुमचे वडील काय म्हणाले? मी सांगितलं, आभार मानले. खरं तर ते म्हणाले होते, "ऋण झालं."

मार्सियाकला सहा वाजता पोचलो, सतराच्या जागी पंचवीस किलोमीटर चालून. तिथं छप्पर उडालेला मोठा मठ आहे, कमानी आभाळाखाली उघड्या. एके काळी रोकामादूर या तीर्थक्षेत्रावर हक्क सांगणारा हाच मठ. तिथं कुणी फिरकत नव्हतं तेव्हा यांनी लक्ष दिलं नाही, ट्यूलच्या मठाने जम बसवला, यात्रा भरायला लागली, मग भांडणं. मला एरवी असल्या गोष्टींत रस असतो. त्या संध्याकाळी मी जिना चढताना कठड्याला धरून चढले. आप्पांच्या गुडघ्यामागे गोचीड निघाली. आकडा तिच्याखाली सरकवून हळूहळू फिरवायचा, ओढायची नाही, पिळायची नाही. सुटली. मग महिनाभर त्या जागी लाल वर्तुळ उमटतं का बघायचं. उमटलं तर डॉक्टर. नाही उमटलं. रात्री दोनला आप्पांनी मला उठवून अंगणात नेलं. या पट्ट्याला 'केर्सीचा काळा त्रिकोण' म्हणतात, इथं दिव्यांचा उजेड फारच कमी. आकाशगंगा डोक्यावरून दरीच्या एका कड्याहून दुसऱ्या कड्यावर गेली होती. बोललो नाही काही. थंडी होती, परत झोपलो.

तिसरा दिवस सोलियाकवरून काब्रेरेपर्यंत, लांब, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आम्ही चार लिटर पाणी घेतलं होतं आणि प्रत्येक फुलीपाशी थांबून एकमेकांना ती दाखवली.

काब्रेरेच्या वरच्या अंगाला पेश मेर्लची गुहा आहे. 1922 च्या सप्टेंबरात आंद्रे दाविद हा तिथला पोरगा, त्याची बहीण मार्त आणि एक मित्र, सरपटत आत शिरले आणि चित्रांसमोर जाऊन उभे राहिले. गावचा पाद्री लमोझी याला गुहांचं वेड. त्यानेच मुलांना नाद लावला होता. आम्ही गेलो त्या महिन्यात शोधाला 100 वर्षं पुरी झाली होती. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला 700 माणसंच सोडतात, म्हणून मी तुलूझहूनच वेळ घेऊन ठेवली होती. फोटो काढायचे नाहीत, भिंतीला हात लावायचा नाही. आत बारा-तेरा अंश. बाहेरच्या घामावर ते झोंबतं.

ठिपक्यांचे घोडे मी पुस्तकांत पाहिले होते. पुस्तकात कळत नाही ते असं: उजव्या घोड्याचं डोकं माणसाने काढण्याआधी दगडानेच काढलं होतं. खडकाची कडाच घोड्याच्या मुंडक्यासारखी निघालेली आहे. कुणीतरी दिव्याच्या उजेडात ती बघितली आणि मागचं सगळं अंग तिला जोडलं. सुमारे 29,000 वर्षांपूर्वी. भोवती हातांचे ठसे आहेत, हात भिंतीवर ठेवून भोवताली काळा रंग फुंकलेला, म्हणजे हाताच्या जागी रिकामा दगड. मिशेल लोरब्लांशे या संशोधकाने रंग तोंडात धरून, थुंकत-फुंकत तसंच चित्र दुसऱ्या गुहेत काढून पाहिलं होतं. ठिपक्यांचे घोडे म्हणजे कल्पना असं पूर्वी लोक म्हणायचे. 2011 मध्ये जुन्या हाडांच्या जनुकांवरून कळलं की तसे घोडे त्या काळी खरोखर होते.

आप्पा घोड्यांपाशी इतर सगळ्यांइतकेच थांबले. ते अडकले ते पुढे. एका दालनात छतातून एक मूळ खाली आलंय. जाडजूड, सरळ, दगडी छत फोडून आत शिरलेलं, मधल्या मोकळ्या हवेतून लोंबत खाली गुहेच्या तळाशी पुन्हा जमिनीत घुसलेलं. वरच्या ओकचं. आपण तीन दिवस ज्या खुरट्या, वाकड्या झाडांच्या सावलीत बसत होतो त्यातल्याच एकाचं. मार्गदर्शिका पुढच्या ठशांबद्दल बोलत होती, ओल्या चिखलात उमटून तसेच राहिलेल्या कुणा कोवळ्या पोराच्या पावलांबद्दल, आणि गट पुढे सरकला होता. आप्पा मागेच. मूळ जिथून येतं तिथं बघायचे, मग जिथं जातं तिथं. मी त्यांच्या बाहीला धरून ओढलं.

"कोणी सांगितलं असेल त्याला, खाली आहे म्हणून?" ते म्हणाले.

"आप्पा, चला, दिवे बंद करतायत."

खरंच बंद केले. पुढच्या दालनाकडे आम्ही मार्गदर्शिकेच्या विजेरीच्या उजेडात धावलो.

त्या दिवशी बूझिएसला मुक्काम केला. जवळच सेले लोतला मिळते. सकाळी नदीकाठची ओढवाट धरली. 19व्या शतकात काओरची वाइन आणि बाकीचा माल घेऊन सपाट बुडाच्या होड्या लोतवरून खाली बोर्दोकडे जायच्या. त्या प्रवाहाविरुद्ध वर ओढायला काठाने माणसं आणि जनावरं चालायची. इथं कडा थेट पाण्यात उतरतो, काठच नाही, म्हणून कड्याच्या पोटात वाट कोरून काढली. डोक्यावर खडकाचं छत, एका हाताला नदी. भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने लांबलचक उठावशिल्प कोरलंय, मासे, शिंपले, पाण्याच्या लाटा. आप्पांनी शेवटचा अक्रोड काढला.

दहा मीटर मोजले. मी वरच्या टोकाला. अक्रोड सोडला, आप्पांनी घड्याळ बघितलं. अक्रोड जागचा हलेना. थोडा माझ्याकडे आला, गोल फिरला, पुन्हा तिथंच. तीन मिनिटं झाली.

"खाली बंधारा असणार," आप्पा म्हणाले. होताच, होड्यांसाठी लोतवर ठिकठिकाणी बंधारे आणि झडपा घातल्यात, वरचं पाणी नुसतं तुंबून उभं असतं. डायरीत नोंद झाली: लोत, बूझिएस, वेग लागत नाही. त्याखाली, बंधारा गळत नाही.

सॅं-सिर्क-लापोपी हे कड्यावरचं सुंदर गाव आम्ही दीड तासात उरकलं, कारण बस गाठायची होती आणि तिथं पाच दिवसांत पहिल्यांदाच माणसांची गर्दी भेटली. खाली उतरून पूल ओलांडून बसथांब्यावर बसलो. रेंज आली. आप्पांनी आईला फोन लावला.

"काही नाही गं, ठणठणीत आहे. हो, जेवलो. पाण्याचं? पाण्याचे जरा हाल झाले, पण मग स्मशानात मिळालं. चांगलं होतं, गोड."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."